उत्तराचे स्तोत्र

जवसाचे तेल तापू लागले की आधी एक हिरवट, कोवळा वास सुटतो, आणि मग बघता बघता तो फिरतो. त्याला लाकडाच्या भुशाची, दिव्याच्या काजळीची किंचित कडवट झाक येते. या दोन वासांच्या मधल्या क्षणी मसाला सोडायचा, अशी आईची शिस्त होती. काळ्या मसाल्याची ती फोडणी बसली की पाचपावलीच्या वस्तीतल्या आमच्या गल्लीला कळे, आज यांच्याकडे माणसे येणार. मी आता ज्या शहरात राहते तिथे जवसाचे तेल रंगाच्या दुकानात मिळते. मागे एकदा खिडक्यांना रंग द्यायचा होता म्हणून मी तिथे गेले, दुकानदाराने डब्याचे झाकण उघडले आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळले. भूक आणि पळून जावेसे वाटणे या दोन गोष्टी माझ्यात त्या वासाने कायमच्या एकत्र विणून टाकल्या आहेत. ते कशामुळे, ते आज लिहून काढावे म्हणते.

आमचे घराणे कोष्ट्यांचे, म्हणजे विणकरांचे. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा घरातला माग राहिला, रस्सा राहिला, बोली राहिली. बदलली ती फक्त प्रार्थना. पुढे मागही गेला. बाबा गिरणीत घडी खात्यात लागले. तयार कापडाचे तागे उजेडावर धरून तुटलेला धागा, सुटलेली वीण, डाग शोधायचा, हे त्यांचे काम. शेजारच्या घरांतून अजून मागांचा खटखटाट येई आणि दुपारभर भिंतीतून आमच्या घरात फिरत राही. बाबांना त्या आवाजावरून कोणाच्या मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा अडकला ते कळे. लहानपणी देवी येऊन गेल्या, तेव्हापासून त्यांचा डावा डोळा नुसता शोभेचा होता. उजव्या डोळ्याने ते सगळे पाहत, आणि फार पाहत. माझ्या परकराची दुमड एका टाक्याने उसवली तरी दारातून आत येता येता ते म्हणत, "पोरी, तुह्या ताग्यात दोष आहे."

उपकार मानण्याची आमच्यात एक ठरलेली रीत होती. कोणी दुखण्यातून उठले, कोणाला मूल झाले, कोणी परीक्षा पास झाले, की घरी उपकारस्तुतीची सभा बोलवायची. आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी ती मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जाहीर करायची. एकदा जाहीर झाली की मोडायची नाही. सभेत घरच्या बाईने उभे राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने काय केले ते सांगायचे, आणि ज्याच्यासाठी सभा, त्याने स्वतः शास्त्र, म्हणजे बायबल, हातात धरून स्तोत्र वाचायचे. मग जेवण. त्या जेवणातले काही दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे नाही, कारण शास्त्रातल्या जुन्या नियमात उपकाराचे अर्पण त्याच दिवशी खाऊन संपवावे असे सांगितले आहे. आई त्याचा अर्थ फार रोखठोक सांगे: "शिळे उपकार कोणाले पायजे वं? देवाले बी नाई, माणसाले बी नाई." पुढे मला वाटू लागले की त्या नियमाच्या पोटात एक युक्ती आहे. एका घराला एका दिवसात संपणार नाही इतके रांधायला लावले, की माणसे बोलवावीच लागतात. कृतज्ञता एकट्याने खायची सोयच ठेवलेली नाही.

आमच्या घराचे म्हणून एक स्तोत्र होते. त्याला आम्ही 'उत्तराचे स्तोत्र' म्हणायचो, कारण त्यातली अर्धी ओळ एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायची. ज्याने सूर्य केला, त्याचे उपकार माना, असे वाचणारा म्हणे, आणि बसलेली माणसे आपल्या घरगुती वळणाने म्हणत, "त्याची दया सरत नाही." ज्याने समुद्र दुभागला, त्याची दया सरत नाही. शेवटपर्यंत हेच. बालपणी मला ते झोक्यासारखे वाटायचे. मात्र कॉलेजच्या पहिल्या वर्षात मराठी कविता शिकू लागले, वृत्ते मोजू लागले, आणि हे स्तोत्र मला सहन होईनासे झाले. दर ओळीला तेच उत्तर म्हणजे कवीचा आळस, असे माझे तेव्हाचे मत. शिवाय त्यात मिसर देशातली पहिली मुले मारली जातात, राजे मारले जातात, आणि त्या प्रत्येक ओळीनंतरही दया सरत नाहीच! एकदा मी बाबांना तावातावाने विचारले, "ज्यांची पोरं मेली, त्यांनी काय म्हणायचं?" बाबा कापडाची घडी घालावी तसे वर्तमानपत्र घडी करीत म्हणाले, "पाळकसाहेबाले विचार. त्याईले पगार त्याचाच भेटते." पाळकसाहेब नगरकडचे, शुद्ध बोलणारे. त्यांना मी विचारले नाही.

त्या वर्षी बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. तेव्हाचे ऑपरेशन म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, माणसाला दगडासारखे उताणे निजवणे. हलायचे नाही, शिंकायचे नाही, हसायचे तर मुळीच नाही. आई चमच्याने पेज भरवी आणि मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहून एका पायावरचे वजन दुसऱ्या पायावर घेत राही. नर्सबाई एकदा म्हणाल्या, "पेशंट इतका शांत, आणि तू का गं अशी भिंगरी?" न हलणाऱ्या माणसाच्या वाट्याची हालचाल घरातल्या कोणाला तरी करावीच लागते, असे काहीसे ते होते.

पट्टी सोडली त्या सकाळी आई दाराबाहेर उभी होती. आत डॉक्टरांनी काय विचारले ते तिला ऐकू आले नाही. बाबांचे उत्तर तेवढे ऐकू आले: "दिसते." त्या एका शब्दानंतर आणखी काही बोलणे व्हायचे असेल, अशी शंकाही तिला आली नाही. चपला पायात सरकवून ती तडक पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेली. दोन दिवसांनी रविवार होता. मंदिरात जाहीर झाले: अमुक बंधूंना प्रभूने दृष्टी दिली आहे, त्याप्रीत्यर्थ येत्या शनिवारी सायंकाळी त्यांच्या घरी उपकारस्तुती. आई पदर सावरून उभी राहिली आणि बायकांच्या बाजूने "आमेन" उठले. मंदिरातून निघाल्यावर सुशीलाकाकू, आमच्या गल्लीतल्याच आणि आईच्या जुन्या प्रतिस्पर्धी, म्हणाल्या, "आता नवऱ्याले दिसाले लागलं म्हणते, तं जरा नवं लुगडं नेसत जा वं." आई हसली. ती इतक्या मोकळेपणी हसते हे मला ठाऊकच नव्हते.

बाबा घरी आले ते काळा चष्मा लावून आणि आईचा हात धरून; महिनाभर एकट्याने हिंडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी चहाचा कप पुढे केला. त्यांचा हात मांडीवरच राहिला. कपाची बशी किणकिणली तेव्हा तो उठला, आणि कपाच्या थोडा डावीकडे गेला. मी कप हलवून त्यांच्या बोटांना टेकवला. मग आत गेले, मुद्दाम परकराची दुमड हातभर उसवली आणि लोंबती किनार घेऊन त्यांच्यापुढे येऊन उभी राहिले. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"बाबा, माझी ओढणी कोणत्या रंगाची आहे?"

"तुह्या आईनं घेऊन देल्ली तीच."

"रंग कोणता?"

"काहून परीक्षा घेऊन राहिली वं बापाची?"

मागल्या दारी आई तांदूळ पाखडत होती, सुपाचा ठेका येत होता. बाबांनी मान त्या आवाजाकडे वळवली आणि स्वर खाली आणला. "उजेड दिसते. कोणी समोरून गेलं तं सावली हालते. माणूस दिसत नाई. डॉक्टर म्हणे, मोती निघाला, पण मागची नस आंधीच वाळली होती. कोणाचा दोष नाई त्यात."

"मग आईला..."

"तिले सांगाले गेलो, तवर तं ती पाळकसाहेबाले सांगून आली होती." ते हसले, पण नाकातल्या नाकात. "शनिवार होऊन जाऊ दे. मंग मी सांगतो. देवाच्या घरात उभी राहिली ती, लोकाइसमोर तिची मान खाली नको जाले. सुशीला तं टपूनच आहे."

"पण स्तोत्र? तुम्हालाच वाचायचंय!"

"पाठ आहे मले. मधात ते राजे येतात ना, तिथंच गडबड होते. तू बाजूले बस. लोक उत्तर देतात तवर पुढची ओळ हळूच सांगजो. कोणाले कळत नाई."

पालुपदाचा हा उपयोग माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. पन्नास माणसे एकदम बोलतील त्या आवाजाआड मी पुढची ओळ सरकवायची. ज्या उत्तराला मी आळस म्हणत होते, त्याच्या सावलीत आता आम्ही दोघे लपणार होतो. मला ते लबाडीचे वाटले, आणि त्याच वेळी त्या रचनेचे एक दार उघडल्यासारखेही वाटले. दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी तो आठवडा कुठेही टिकून बसू शकले नाही. पुस्तक उघडी, मिटी. विहिरीवर जाई, भरलेलीच घागर पुन्हा विसळी. दोनदा तरी आईला सांगायचेच असे ठरवून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. पहिल्यांदा ती खसखस भाजत होती आणि स्तोत्राची चाल गुणगुणत होती. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे न बघताच विचारले, "काय वं, सारखी उंबऱ्यात येऊन उभी राहून राहिली? आत ये नाईतर बाहेर जा." मी बाहेर गेले.

शनिवारी दुपारी वाडीहून मामा आला. तो तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात होता. अंगणात टाकायला ताडपत्री घेऊन आला आणि ती खांद्यावरून उतरवायच्या आधीच बाबांपुढे उभा राहिला. "भाऊजी! सांगा बरं, मी जाड झालो का बारीक?"

माझ्या हातातले ताट थांबले. आई हसत उत्तराची वाट बघत होती.

"तू कवा बारीक होता गा?" बाबा म्हणाले.

मामा पोट धरून हसला. आई हसली. मी ताट ठेवायला वळले तेव्हा माझ्या तळहातांना ताटाच्या कडेची खूण उमटली होती.

दिवेलागणीला अंगण भरले. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधे पेटी आणि ढोलक, आणि ताडपत्रीच्या डांबरट वासावर पसरत चाललेला आत उकळणाऱ्या रश्शाचा वास. गाणी झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता आपल्या भगिनी साक्ष देतील." आई उठली. तिला लांब बोलता येत नसे. "मी देवाले म्हटलं," ती म्हणाली, "ह्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या कपड्यातले भोकं पाहिले. त्याले म्हातारपणी माह्या तोंडाकडं पाहू दे. बाकी मले काही नाई पायजे. देवानं ऐकलं." आणि ती बसली. "हालेलूया" झाले. सुशीलाकाकूंनीसुद्धा डोळ्याला पदर लावला. मी बाबांकडे पाहिले. काळ्या चष्म्यात बत्तीचे दोन छोटे उजेड दिसत होते, त्यामागे काय चालले होते ते कळायला मार्ग नव्हता.

मी शास्त्र उघडून त्यांच्या हातात दिले आणि त्यांच्या डाव्या खांद्याशी सरकून बसले. ते उभे राहिले नाहीत. आजारी माणूस म्हणून कोणाला ते खटकलेही नाही. त्यांनी सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता. आकाश पसरणाऱ्याचे उपकार, पाण्यावर जमीन अंथरणाऱ्याचे उपकार, दिवसासाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र-तारे करणाऱ्याचे उपकार. प्रत्येक वेळी अंगण उत्तर देई, "त्याची दया सरत नाही," आणि त्या गजराच्या आडून मी त्यांच्या कानाशी पुढची ओळ ठेवी. त्यांना तिची गरज पडत नव्हती. मिसर आला, मुले मेली, अंगणाने उत्तर दिले. समुद्र दुभंगला, उत्तर. अरण्यातला प्रवास, उत्तर. मग राजे आले. बाबा अडखळले, मी कुजबुजले, त्यांनी उचलले. पाळकसाहेब डोळे मिटून होते. आम्ही पार होत आलो होतो.

गेली कित्येक वर्षे मी ते स्तोत्र मुलांना कविता शिकवावी तसे स्वतःला शिकवीत आले आहे. त्यात सूर्य आहे तसे अरण्यही आहे, आणि उपकार दोन्हींचे मानायचे आहेत. लाभलेल्या वस्तूंची ती पोच नव्हे. वाचणारा घडलेले सांगतो, सगळे, न गाळता. आणि ऐकणारे त्याला एकटा सोडत नाहीत, इतकाच तो करार आहे. ओळ बरी की वाईट हे पारखून मग उत्तर द्यायचे, अशी त्यात सवलत नाही. हे मी आज सरळ लिहू शकते. त्या संध्याकाळी मला फक्त एवढे कळत होते की आता तीनचारच ओळी उरल्या आहेत.

पुढची ओळ होती ती आम्ही अगदी खाली गेलो असताना ज्याने आमची आठवण ठेवली, त्याची. मी ती त्यांच्या कानात सांगितली. बाबा बोलले नाहीत. मी पुन्हा सांगितली, जरा मोठ्याने. त्यांनी पुस्तक मिटले. बोट आत ठेवलेले नव्हते.

"ज्यानं मले दिसू देल्लं नाई," बाबा स्तोत्राच्याच चालीत म्हणाले, "त्याचे उपकार माना."

"त्याची दया सरत नाही," अंगण म्हणाले.

ते आपोआप म्हटले गेले. मागाचा धोटा एका बाजूने सुटला की दुसऱ्या बाजूला पोचतोच, तसे. पुढे बसलेल्या बायकांना शब्द तोंडातून निम्मे निघाल्यावर समजले आणि त्या थबकल्या. मागे बसलेली पुरुषमाणसे शेवटापर्यंत ठणठणीत म्हणून गेली. मग एकदम काहीच नाही. चुलीवरचे झाकण थडथडत होते. मामा अर्धवट उठला आणि तसाच वाकून राहिला. पाळकसाहेबांनी डोळे उघडले होते आणि त्यांचा एक हात प्रार्थनेसाठी वर येऊ पाहत होता. सगळे गुंडाळून घ्यावे, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते. मला आईकडे बघायचे नव्हते. मी बाबांच्या बंडीच्या शिवणीकडे बघत राहिले.

"मी दिसते म्हटलं, ते अर्धंच होतं," बाबा म्हणाले. आता चाल नव्हती, साधे बोलणे होते. "हिनं साक्षीत जे सांगितलं ते खरं समजून सांगितलं. तिचं काही खोटं नाई." मग त्यांनी घसा साफ केला आणि चाल पुन्हा उचलली. "ज्यानं उजेड तेवढा ठेवला, त्याचे उपकार माना."

कोणी उत्तर दिले नाही. ते थांबले. उत्तर आल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हते, आणि मागे वळायला तर वाटच उरली नव्हती. पन्नास माणसे अंगणात होती आणि माझा बाप त्या अर्ध्या ओळीवर एकटा उभा राहिल्यासारखा बसला होता.

"त्याची दया सरत नाही."

आई होती. गाण्यातला आवाज नव्हता तो. बाजारात भाजीवाल्याने हलकी वांगी पिशवीत घातली तर ती परत काढून ठेवताना असायचा, तो आवाज. तिने ते बाबांना म्हटले की देवाला, हे तेव्हा कळले नाही आणि तिच्या हयातीत विचारायचे धैर्य झाले नाही. ती रडत नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवून ती थेट बाबांच्या तोंडाकडे बघत होती, आणि हे त्यांना दिसणार नाही हे आता तिला ठाऊक होते. तिच्या शेजारून सुशीलाकाकूंनी तीच अर्धी ओळ हळूच, उशिराने म्हटली. त्यांच्यामागून आणखी कोणी, मग मामाने.

पाळकसाहेबांचा हात खाली गेला.

बाबांनी मिटलेले पुस्तक माझ्या मांडीवर ठेवले. चष्मा काढला. मग मान माझ्याकडे वळवली, म्हणजे मी असेन असे त्यांना वाटले त्या बाजूला, माझ्या खांद्यावरून पलीकडच्या दिव्याकडे, आणि आता न लपवता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मला विचारले, "पुढं?"